मनीषनगरातून मदतीची वाट

आमच्या धाकट्या जावेचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. दीड वर्षाचा झाला तरी तो हाकेला वळून पाहत नसे; पंख्याच्या फिरत्या पात्यांकडे मात्र बराच वेळ टक लावून बसे. दोन वर्षांचा झाला तरी एकही शब्द बोलला नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, “मुलगे उशिराच बोलतात. याचे आजोबासुद्धा चौथ्या वर्षी बोलू लागले.” एका परिचित डॉक्टरांनीही थोडी वाट पाहण्याचा सल्ला दिला. आम्ही वाट पाहिली. साडेतीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान झाले. त्यानंतरही जवळजवळ एक वर्ष ही गोष्ट घराच्या चार भिंतींबाहेर गेली नाही. लग्नकार्यात त्याला न्यावयाचे नाही, मंदिरात गर्दी नसेल तेव्हाच न्यावयाचे, आणि कोणी विचारलेच तर ‘बरे नाही’ एवढेच सांगावयाचे, असा एक अलिखित नियम आमच्या घरात होऊन बसला.

ती वर्षे वाया गेली, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. परंतु आमच्यासारखी कुटुंबे आपल्या समाजात अनेक आहेत, आणि त्यांना जे तीन वर्षांनी कळावयाचे ते आज कळावे, म्हणून हा लेख.

नव्या वस्तीतील एकटेपण

मनीषनगर हे नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गाच्या पूर्वेला रेल्वेमार्गापलीकडे वाढलेले उपनगर. इतवारी, गांधीबाग, महाल येथील जुन्या घरांतून कितीतरी व्यापारी कुटुंबे अशा नव्या वस्त्यांत राहावयास आली. दुकान मात्र जुन्या बाजारातच राहिले. पुरुष मंडळी सकाळी निघतात ती दुकान वाढवून रात्रीच परततात. जुन्या वाड्यात मूल कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असे. सदनिकेत ते दिवसभर एकट्या आईपाशी असते. ज्या मुलाला उचलून न्यावे लागते, ज्याला घास भरवावा लागतो, जे रात्र रात्र झोपत नाही, त्याच्या आईला हे एकटेपण फार जड जाते.

तरीही अंतराचा विचार केला तर मनीषनगर सोयीचे आहे. वर्धा मार्गाने पुढे गेले की मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपले एम्स, आहे. त्याच्या संकुलाचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्थानकावरून मेट्रोने थेट सीताबर्डीपर्यंत जाता येते. शहरातील बहुतेक सेवा अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात आहेत. मात्र त्या आपणहून घरी येत नाहीत. त्या मागाव्या लागतात, आणि मागण्यापूर्वी घराने मोकळेपणाने बोलावे लागते.

शंका आली की थांबू नये

मूल साधारण नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसू लागते, अठरा महिन्यांपर्यंत एकटे चालू लागते. वर्षाचे झाले की आपल्या नावाला प्रतिसाद देते, आणि दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलू लागते. यांपैकी काही घडत नसेल, किंवा आलेले बोल नाहीसे होत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची तपासणी करून घ्यावी. ऑटिझमची प्राथमिक चाळणी सोळा ते तीस महिन्यांच्या वयात प्रश्नावलीच्या साहाय्याने करता येते. शंका चुकीची ठरली तर आनंदच. परंतु खरी ठरली तर मेंदू वेगाने घडण्याच्या काळातच साहाय्य सुरू होते. पहिल्या काही वर्षांत मिळालेला सराव नंतरच्या कितीतरी वर्षांच्या श्रमांहून अधिक उपयोगी पडतो.

शासनाचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ पासून चालू आहे. जन्मतः असलेले दोष, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार बाबींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, आणि ही सेवा विनामूल्य असते. परंतु या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत जातात. आपली मुले बहुधा खासगी नर्सरीत जातात, म्हणून ती या तपासणीतून सुटतात. सधन घराला जे सहज मिळेल असे आपण मानतो, ते नेमके सधन घरालाच मिळत नाही. आपल्या मुलाला आपणच घेऊन जावे लागते.

नागपुरात केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे. धंतोलीतील यशवंत स्टेडियमच्या इमारतीत ते सुरू झाले. वाचा-उपचार, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, मानसशास्त्रीय चाचण्या आणि विशेष शिक्षण या सेवा एका छताखाली मिळाव्यात, हा अशा केंद्रांचा हेतू. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ निश्चित करावी.

शहरात खासगी थेरपी केंद्रेही पुष्कळ झाली आहेत. मनीषनगर, बेसा या बाजूलाही त्यांच्या पाट्या दिसतात. हॉलमार्क पाहिल्यावाचून आपण सोने घेत नाही. तीच सावधगिरी येथेही हवी. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी यांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. ‘सहा महिन्यांत मूल पूर्ण बरे करू’ असे जो सांगेल, त्याच्याकडून उठून यावे. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे; तरीही या नावाखाली आईवडिलांकडून लाखो रुपये घेतले जातात. आमच्या घरानेही एका भोंदू उपचारावर पैसा घालविला. पैशापेक्षा त्यात गेलेल्या महिन्यांचे दुःख अधिक आहे.

प्रमाणपत्र म्हणजे कलंक नव्हे

आमच्या घरात सर्वांत मोठा वाद झाला तो दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरून. “कागदावर एकदा लिहिले की आयुष्यभर तेच राहील,” असे सासूबाई म्हणत. त्यांची भीती मायेपोटीच होती. परंतु प्रमाणपत्रामुळे मुलाला नवे काही होत नाही. जे आहे त्याची नोंद होते, आणि त्या नोंदीमुळे त्याचे हक्क सुरू होतात. लहान वयात दिलेले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते आणि पुढे फेरतपासणी होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. अंधत्व, श्रवणदोष, बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी यांच्याबरोबर ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि विदर्भात अनेक घरांना परिचित असलेला सिकलसेल यांचाही त्यांत समावेश आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक लाभ मिळतात.

अर्ज ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि आजवरचे वैद्यकीय कागद जोडावेत. त्यानंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय महाविद्यालये यासाठी परिचित आहेत. मंजुरीनंतर देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. तपासणीच्या दिवशी मुलाचे आवडते खेळणे आणि खाऊ जवळ ठेवावा, त्याला झेपेल अशी वेळ मागून घ्यावी, आणि शक्य असेल तर घरातील आणखी एका माणसाने सोबत जावे. आई एकटीच रांगेत उभी असली की कागद आणि मूल ही दोन्ही एकाच वेळी सांभाळणे तिला अशक्य होते.

दुकानाचे हिशेब आपण वर्षानुवर्षे जपून ठेवतो. मुलासाठीही अशीच एक वही घालावी. जन्माच्या वेळची हकिकत, लसीकरण, प्रत्येक तपासणीची तारीख, कोणत्या थेरपीने काय फरक पडला, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे सर्व त्यात लिहावे. नवीन डॉक्टर किंवा नवीन शिक्षक भेटले की ही वहीच मुलाच्या वतीने बोलते. आमच्या दिरांनी ती जबाबदारी घेतली. दुकानावरून रात्री आल्यावर ते दहा मिनिटे वही लिहितात. त्यातूनच त्यांना आपल्या मुलाचा दिवस कसा जातो हे प्रथम कळले.

शाळेचा प्रश्न

आमच्या मुलाला दोन शाळांनी दारातूनच परत पाठविले. त्या वेळी कायदा आम्हांस ठाऊक नव्हता. २०१६ च्या कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क आहे. परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मंडळांकडून मिळतात. त्यांसाठी वेळेवर अर्ज करावा लागतो. नियमित शाळेचा वेग झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही आहे. तेथे विषय निवडता येतात आणि एकेक विषय सवडीने पूर्ण करता येतो.

विशेष शाळांची नागपूरची परंपरा मोठी आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाने प्रसूतिगृहांच्या कार्यापुढे जाऊन बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘नंदनवन’ ही शाळा चालविली. दृष्टिहीन मुलांसाठी दक्षिण अंबाझरी मार्गावर ब्लाइंड रिलीफ असोसिएशनचे विद्यालय आहे, आणि शंकरनगरातील मूकबधिर विद्यालय तर शहरातील रिक्षावाल्यांनाही ठाऊक असते. शाळा निवडताना इमारत पाहू नये. एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत, मुलाला स्वच्छतागृह वापरणे, कपडे घालणे, पैसे ओळखणे शिकवितात काय, आणि आईवडिलांना वर्गात बसून पाहू देतात काय, हे विचारावे.

पैशाचे नियोजन

आपल्या वाचकांना हा भाग लवकर समजेल, तरी अनेक घरांत तो राहून जातो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, वयाची अट नाही, विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग मिळतो. खासगी विमा कंपन्या ज्यांना नाकारतात त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

१९६१ च्या आयकर कायद्यातील ८०डीडी कलमाने अवलंबून असलेल्या दिव्यांग कुटुंबीयाच्या पालनपोषणासाठी ७५ हजार रुपयांची, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्के किंवा अधिक असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची वजावट दिली. ती जुन्या करप्रणालीतच मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी आपल्या सीएंना यूडीआयडी कार्ड दाखवून विचारावे. अनेकांच्या सीएंना घरात असे मूल आहे हेच माहीत नसते.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या दुकानातील दिवाणजी, हमाल, घरी येणाऱ्या मावशी यांच्याही घरी असे मूल असू शकते. संजय गांधी निराधार अनुदान योजना, एसटीच्या भाड्यातील सवलत, साहाय्यक साधनांसाठीची केंद्राची योजना यांची त्यांना आपल्यापेक्षा अधिक गरज असते, पण अर्ज भरून देणारे कोणी नसते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तरी त्या विभागापर्यंत हमालाची आई एकटी कशी पोहोचणार? मालकाने एक दुपार दिली तर एका घराचा प्रश्न सुटतो.

आमच्या पश्चात काय?

दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना रात्री झोप न येण्याचे खरे कारण हेच. आपल्याकडे उत्तर ठरलेले असते, “भाऊ आहे ना, तो सांभाळील.” सांभाळेलही. परंतु भावाला विचारले आहे काय? त्याच्या पत्नीला ठाऊक आहे काय? आणि कायदा काय म्हणतो?

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेतील सही, मालमत्तेचा व्यवहार येथे अडचण उभी राहते. राष्ट्रीय न्यास कायद्यात येणाऱ्या चारही प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. अठरावे वर्ष लागण्यापूर्वीच कागद तयार ठेवावेत. मृत्युपत्र करावे. ज्या मुलाला व्यवहार कळत नाही त्याच्या नावे थेट दुकान किंवा सदनिका ठेवण्यापेक्षा त्याच्या हितासाठी खासगी न्यास करून त्यात एकाहून अधिक विश्वस्त नेमावेत. हे काम वकिलांकडूनच करून घ्यावे.

राहण्याच्या व्यवस्थेचे काय, याचे उत्तर काही पालकांनी स्वतः उभे केले आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी ‘घरकुल’ हे निवासी घर उभारले. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी अनाथ दिव्यांग मुलांचे पितृत्व पत्करले आणि अठरा वर्षांनंतर अशा मुलांना आश्रमातून बाहेर काढू नये यासाठी आवाज उठविला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या समाजाने धर्मशाळा, पांजरपोळ आणि रुग्णालये बांधली, त्या समाजाला नागपुरात असे एखादे घर बांधणे अशक्य आहे काय?

समाजाने काय करावे

सर्वप्रथम, बोलणे सांभाळावे. “पूर्वजन्मीचे कर्म” हे शब्द आमच्या जाऊबाईंनी किती जणींच्या तोंडून ऐकले, याची मोजदाद नाही. कर्मसिद्धांत स्वतःचे भाव तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराचा निवाडा करण्यासाठी नाही. ऑटिझम आईच्या वागणुकीमुळे होत नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. सेरेब्रल पाल्सीची कारणे बहुधा जन्माच्या आसपासच्या काळात सापडतात. जेथे दोष खरोखर आनुवंशिक असतो, तेथे लपविण्याने काही साधत नाही. विवाहापूर्वी थॅलेसेमिया व सिकलसेलची रक्ततपासणी करून घेणे हाच उपाय. अशा मुलाची बहीण विवाहयोग्य झाली म्हणून तिच्या भावाला खोलीत बंद करावे लागू नये, एवढे धैर्य वरपक्षाने दाखवावे.

दुसरे, मंदिर किंवा स्थानकाच्या विश्वस्तांनी एका विश्वासू व्यक्तीकडे हे काम सोपवावे. कोणत्या घरी कोणती गरज आहे, याची गोपनीय नोंद तिने ठेवावी, आणि ज्यांनी प्रमाणपत्र काढले आहे अशा कुटुंबाची नवीन कुटुंबाशी गाठ घालून द्यावी. शासकीय पुस्तिकेपेक्षा अशी एक अनुभवी आई अधिक उपयोगी पडते.

तिसरे, वेळ द्यावा. वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, आपल्याकडे आभ्यंतर तपांत गणली जाते. साधुसाध्वींच्या सेवेत आपण ते आचरतो. मनीषनगरातील चार-पाच भगिनींनी आळीपाळीने आठवड्यातून दोन तास अशा घरी बसावे, म्हणजे त्या आईला सामायिक करता येईल, बाजारात जाता येईल, किंवा नुसते झोपता येईल. यास पैसा लागत नाही.

चौथे, पाठशाळेत आणि मंदिरात या मुलांना जागा द्यावी. एक उतरण, एक कठडा, आणि मूल ओरडले तर वळून न पाहण्याची सवय एवढे पुरे.

आमचा मुलगा आजही फारसे बोलत नाही. परंतु दोन वर्षांपासून रविवारी सकाळी तो आजोबांबरोबर मंदिरात जातो. पूजेच्या ताटातील अष्टद्रव्यांच्या वाट्या जल, चंदन, अक्षत अशा क्रमाने लावण्याचे काम त्याचे आहे. क्रम चुकला तर तो अस्वस्थ होतो आणि पुन्हा लावतो. सुरुवातीला लोक पाहत असत. आता वाट्या लावून होईपर्यंत पूजेकरी थांबतात.

आपल्या ओळखीत असे एखादे घर असेल, तर आज त्यांना दूरध्वनी करावा. मुलाची चौकशी नावाने करावी आणि ‘मी कधी येऊ?’ असे विचारावे. आमच्या घरी पहिल्यांदा असे विचारणारी शेजारीण आली, त्या दिवसापासून आमच्या जाऊबाई बोलू लागल्या.